रकाना रिकामा सोडायचा नाही

पहिल्या दिवशी रावद्ना एवढंच म्हणाली:
रकाना रिकामा सोडायचा नाही.
रिकामा म्हणजे आपण गेलोच नाही,
किंवा गेलो आणि धुक्यात खुंटा सापडला नाही.
शून्य म्हणजे गेलो, गुडघे टेकले,
बोटांनी गवत विंचरलं,
आणि नव्हतं.

वारांगेरचा माळ. जूनचा दुसरा आठवडा.
बर्फ ओसरतो तो जुन्या गोधडीसारखा,
आधी भोकं पडतात, मग कडा उसवतात.
खालून निघतात लेमिंगची घरटी,
सुक्या गवताचे गोळे, मुठीहून जरा मोठे,
हिवाळाभर बर्फाच्या पोटात
आयांनी पिलं वाढवायच्या जागा.
निघायची, असं म्हणायला हवं.

चाळीस खुंटे, चाळीस चौकोन.
एक, शून्य. दोन, शून्य.
तीनमध्ये भुरभुरलेला एक गोळा.
परवाच्या सालचा, रावद्ना म्हणते. धरायचा नाही.
तिचा डावा गुडघा वाजतो. एकोणतीस उन्हाळे.
तिच्या सातव्या वहीत एका चौकोनात नऊ आहेत
आणि समासात बारीक अक्षरांत:
बुटाखाली येतील म्हणून आज हळू चाललो.

योव्सेत पाव आणि वाळवलेलं मांस घेऊन आला.
जानेवारीत तीन दिवस पाऊस पडला, म्हणाला,
मग थिजला.
कुरणावर बसणाऱ्या त्या बर्फाच्या पत्र्याला
त्यांच्या भाषेत शब्द आहे: चुओहकी.
आजोबांच्या तोंडून त्यानं तो
फार तर चार-पाच हिवाळे ऐकलेला.
यंदा स्वतः तीनदा वापरला.
रेनडियर खुरांनी खरवडत राहिले, मग खरवडायचे थांबले.
त्यानं कर्ज न काढता चारा कसा आणला
ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
त्याच पत्र्याखाली लेमिंगचे बोगदे होते.

सगळंच घटतंय असं नाही.
सतराव्या चौकोनात वाळुंजाचं झुडूप
पहिल्या वहीत घोट्याएवढं,
आता माझ्या मांडीला लागतं.
त्याच्या आडोशानं तांबडा कोल्हा वर आलाय.
त्यांचे रकाने वेगळे, आकडे चढते,
आणि ते लिहितानाही पेन्सिल तीच.
पांढरं घुबड अकरा दिवस एकाच दगडावर बसलं,
इकडे मान, तिकडे मान,
अंडं न घालता गेलं.
त्याचीही मोजणी चालू होती, बहुतेक.

सहाव्या दिवशी धुकं उतरलं.
छत्तिसाव्या खुंट्यापाशी माझे मोजे भिजले होते.
तंबूत आले, चहा ठेवला
आणि उरलेल्या चार रकान्यांत
चार शून्यं लिहिली. गोल, नीट.
कोणाला कळणार होतं?
छत्तीस शून्यांच्या ओळीत आणखी चार.

इथं रात्र होत नाही, त्यामुळे
झोप न येण्याला अंधाराचं निमित्तही मिळत नाही.
दोन वाजता उठले. सूर्य माळाला टेकून होता,
माझी सावली माझ्याआधी खुंट्यावर पोचत होती.
सदतीस, शून्य. अडतीस, शून्य.
एकोणचाळीस.
चाळीसमध्ये दगडाच्या कुशीला एक गोळा,
गवत ताजं, पिवळं.
आत बोट घातलं, मऊ लागलं.
केस. सगळीकडून नीट थापलेले, लेमिंगचे.
एक इवलासा दात.
मुंगसाच्या जातीतलं ते चिमुकलं जनावर, व्हीझल,
आत शिरलं, खाल्लं,
आणि त्यांच्याच लोकरीचं अंथरूण करून
उरलेला हिवाळा तिथंच झोपलं.

मी कितीतरी वेळ तशीच बसले.
मारली गेली, म्हणजे होती.
खोडरबर काढलं. शून्य पुसलं. एक लिहिला.

सकाळी रावद्नानं वही उन्हाकडे तिरपी धरली.
इथं आधी काय होतं?
शून्य, मी म्हणाले. न बघता लिहिलेलं.
तिनं पुसलेल्या जागेवरून अंगठा फिरवला,
कागद तिथं जरा फुलला होता.
खोडायचं नाही, म्हणाली.
एक रेघ मारायची, चुकलेलं वाचता येईल अशी.
बाजूला खरं लिहायचं. वेळ टाकायची.
मग किटलीत पाणी किती आहे ते बघितलं,
आणि बाकीची तीन?

गेले होते, मी म्हणाले.
नव्हतं.